हसून दाखवा

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांच्या. गल्लीतले लहानथोर सगळे यांना कवळीकाका म्हणतात आणि यांना त्याचा कोण अभिमान! पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि मध्ये मी, दोन्हीकडची बोलणी खायला.

यांचा एक नियम. गिऱ्हाईक मनापासून हसल्याशिवाय कवळी घरी न्यायची नाही. बोलताना कुठलीही कवळी टिकते म्हणे, हसताना सुटली नाही तर ती खरी. म्हणून हे प्रत्येकाला विनोद सांगतात. तेच चार. दिवसाला दोन गिऱ्हाइकं होती तोवर ठीक होतं. पण पलीकडच्या गल्लीतला कवळीवाला दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेला आणि त्याचं सगळं काम यांच्या गळ्यात पडलं. बाकावर जागा पुरेना.

मी म्हटलं, "अहो, तो हसण्याचा नियम जरा आवरा."

"बघू," म्हणाले. यांचं 'बघू' मी पुरतं ओळखून आहे. माझे खालचे दात जाऊन आठ महिने झाले. माझ्या कवळीचा साचा फळीवर धूळ खातोय आणि मी पाव चहात बुडवून खातेय. का, तर 'बघू'!

गुरुवारी कहरच झाला. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. पाच वाजता त्यांचा निरोप समारंभ, सगळ्या शाळेसमोर भाषण. कवळी छान बसली, बोलणं स्पष्ट, पण बाई हसेनात! पस्तीस वर्षं न हसण्याचीच सवय. यांनी चारही विनोद सांगितले. प्रत्येकाच्या शेवटी बाई विचारायच्या, "बरं, मग पुढे काय झालं?"

साडेचार वाजले. बाकावर सहा जण चुळबुळत होते. बाईंनी पर्स उचलली. "निघते मी. भाषणात मी हसणार नाहीच."

हे दारात आडवे. "तुम्ही नाही हसणार हो, पण पोरं हसवतील."

माझं डोकंच फिरलं. हातातला झाडू घेऊन तशीच बाहेर आले. "पंचवीस वर्षांत बायकोला एकदा हसवता आलं नाही, आणि निघालेत बाईंना हसवायला!"

बाई खो खो हसल्या. आणि वरची कवळी टपकन त्यांच्याच मांडीवर पडली.

बाईंनी तोंडाला रुमाल लावला, डोळ्यांत पाणी आलं. "हे पोरांसमोर झालं असतं तर?" यांनी कवळी उचलली, कडा घासल्या, परत बसवली. बाईंनी माझ्या झाडूकडे पाहिलं आणि पुन्हा हसल्या. नाही सुटली. पाचला दहा कमी असताना त्या अक्षरशः पळत सुटल्या.

संध्याकाळी बाक रिकामा झाल्यावर हे म्हणाले, "ये, बस खुर्चीत."

मी फळीकडे पाहिलं. माझा साचा तिथे नव्हता. जेवणानंतर "जरा डोळा लागतोय" म्हणून हे रोज दार लावून काय करायचे, ते तेव्हा कळलं मला. दात अगदी मापात बसले.

"हसून दाखव."

मला मेलीला रडूच फुटलं. चांगले हुंदके.

हे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "असं चालायचं नाही, बाई. नियम म्हणजे नियम. उद्या परत या. नंबर सातवा."

अखेर हसवलं यांनी मला. कवळी जागची हलली नाही.