खांदा ‘बरा होऊन राहिला’

मंडळी, नव्या हंगामाआधी रग्बीच्या व्यावसायिक संघाची बातमी करायला आज सकाळी अकोल्याच्या मैदानावर गेलो होतो. प्रशिक्षक म्हणाले, सगळे खेळाडू तंदुरुस्त आहेत. इतकं आरोग्य एका जागी दिसलं की मला शंका येते.

आपला तिवस्याचा धिप्पाड गडी प्रत्येक टॅकलला, म्हणजे समोरच्याला धरून पाडताना, उजवाच खांदा देत होता. मी डाव्याची चौकशी केली. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांनी त्यालाच हाक मारली.

“खांदा बरा होऊन राहिला, सर!”

“ऐकलंत? झाला बरा!” प्रशिक्षक खूश.

मी पडलो संस्कृतवाला. क्रियापदाचा काळ चुकला की माझी दाढ ठणकते. वऱ्हाडात ‘होऊन राहिला’ म्हणजे अजून होतोय!

प्रशिक्षक वळताच तो कुजबुजला, “काका, तुमी तं अमरावतीचे, तुमाले समजलं. सांगू नका. उद्या संघ निवडून राहिले ते.”

“अन् खांदा कायमचा गेला तं?”

“जागा गेली तं खांदा काय पूजेले ठेवू?”

गडी खोटं बोललाच नाही, हीच पंचाईत. बातमी अजून पाठवलेली नाही. त्याचं वाक्य जसंच्या तसं छापलं, तर वऱ्हाडाला खरं कळेल आणि प्रशिक्षकांना खोटं. तुम्ही काय छापलं असतं?