विहिणीच्या कपाळावरचा काळा ठिपका

माझ्या मोबाईलवर आमची विहीण विधवा आहे. तिचा नवरा तिच्या शेजारीच दात काढून हसतोय, तरी तिच्या कपाळाला काळा बुक्का आहे.

नातीच्या साखरपुड्याच्या वेळी हे झालं. ती एका ऑफिसात वेबसाइटींसाठी चित्रं काढते. छापील पत्रिका नको म्हणाली. मोबाईलवर उघडेल असं पान केलं आणि त्यावर दोन्ही घरच्या माणसांची तोंडं काढली, लोक एकमेकांना पाठवतात तसली इमोजी. त्यांचा तिनं फॉन्टच बनवला. म्हणजे अक्षर टाईप करावं तसं माणसाचं तोंड टाईप करायचं. मी चौथी शिकलेली. मला तो रिकामा उद्योग वाटला आणि मी तसं सांगितलं.

विहिणीला तिनं नथ आणि मोठं लाल कुंकू काढलं. मला बुक्का, कारण नवरा गेल्यापासून मी तोच लावते. सुनेला, म्हणजे तिच्या आईला, लाल टिकली. माझा मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली, पण सून टिकली लावते. दवाखान्यात आयाचं काम करते. मोकळं कपाळ बघून प्रत्येक पेशंट चौकशी करायचा, म्हणून लावायला लागली, ती राहिली. मला ते आवडलं नव्हतं. पण घर तिच्या पगारावर चालायचं, म्हणून मी गप्प बसले.

पान करमाडला, मुलाच्या घरी, गेलं आणि विहिणीचा फोन आला. नातीनं स्पीकरवर टाकला.

"ए पोरी, माझा मालक जिता हाय का मेला?"

"काय झालं, आई?"

"माझ्या कपाळाला बुक्का लावलास. तुझ्या बी लावलास. जित्या नवऱ्याची रंडकी केलीस मला! सोयरीक करायची का नाय तुम्हाला?"

नातीनं पान उघडून बघितलं. लाल. स्वतःच्या आईच्या मोबाईलवर बघितलं. लाल. "खोटं बोलतायत. काहीतरी खुसपट काढायचं म्हणून काढलंय," ती म्हणाली.

मी माझा मोबाईल पुढं केला. त्यावर सगळ्यांचे ठिपके काळे होते. मी आधीच बघितलं होतं, पण मला त्यात चूक दिसली नव्हती. सगळ्या बायका माझ्यासारख्याच दिसत होत्या.

ती माझा मोबाईल घेऊन बसली. जेवली नाही. शेवटी सापडलं. फॉन्ट बनवताना तिनं सगळे ठिपके आधी काळेच ठेवले होते आणि बाकीच्यांचे लाल दाखव असं वरून पानाला सांगितलं होतं. नव्या मोबाईलचा ब्राउझर ते ऐकतो. जुन्याला ती भाषाच कळत नाही, तो फॉन्टातला मूळ रंग दाखवतो. विहीण पोराचा जुना मोबाईल वापरते, माझाही जुना.

"म्हणजे चूक तुझीच," मी म्हणाले.

"व्हय, माझीच."

तिनं फॉन्टातच रंग लाल केला. तरी सोयरीक अडलेलीच होती, म्हणून विहीण आणि नवरामुलगा स्वतः आले. विहिणीनं खुर्चीत बसून आपला मोबाईल डोळ्यांजवळ धरला. आपलं कुंकू बघितलं, नातीचं बघितलं. तोंड जरा सैल झालं. मग बोट सुनेच्या तोंडावर थांबलं.

"ही कोण?"

"माझी आई," नात म्हणाली.

"हिला कशाला लाल?"

"ती टिकली लावते."

"घरात काय लावायचं ते लावा. हे आमच्या भावकीत फिरणार. म्हातारीचं काळं हाय ते बरोबर हाय. हिचं बी तसंच कर."

नातीनं नवऱ्यामुलाकडं बघितलं. तो मान खाजवत म्हणाला, "एवढं काय त्यात. एक ठिपका तर आहे. बदलून टाक ना."

"तसं नाही होत," नात म्हणाली.

"माझं काळं काढता आलं, मग हिचं काळं करायला का येत नाय?" विहीण म्हणाली.

सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कपाळाला टिकली होतीच. ती आत आली, विहिणीला कप दिला, जावयाला दिला आणि लेकीला म्हणाली, "कर गं काळं. चित्रच तर आहे."

नातीनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि केलं. विहिणीचा चहा संपायच्या आत झालं.

ती माणसं गेल्यावर नात रडायला लागली. मी म्हणाले, "आता रडून काय? लाल करायला जेवण सोडलंस, काळं करायला चहा गार झाला नाही."

साखरपुड्याला सून मोकळ्या कपाळानं आली. कुणी सांगितलं नव्हतं. विहीण कुंकवाची कोयरी घेऊन बायकांच्या रांगेतून फिरली. सुनेपाशी आल्यावर हात आखडला आणि पुढच्या बाईला लावलं. नात पाटावर बसून बघत होती. नवी साडी होती, म्हणून डोळे पदराला पुसले नाहीत.

लग्न झालं. टिकल्यांचं पाकीट आरशामागं पडून आहे. सून म्हणते, जावई कधी येतील काय सांगावं.

नात माहेरी आली की माझा मोबाईल मागते. "आजी, तुझ्यात जुना फॉन्ट साठून राहिलाय. दे, पुसून देते."

"नको."

"अगं, त्यात सासूबाईचं कपाळ अजून काळं दिसतंय."

"ठाऊक आहे."

"त्यांनी बघितलं तर मला घरात ठेवतील का?"

मी मोबाईल देत नाही. विहीण आमच्याकडं आली की माझ्या शेजारीच बसते. चष्मा विसरलेली असते. मी पान उघडते आणि दोन बोटांनी तिचं तोंड मोठं करते. समोर नात उभी असते. मी तिच्याकडं बघते आणि आणखी मोठं करते.