क्रिंडल म्हणजे पळा

कारखान्याच्या रुआबांधा वसाहतीत आमच्या शेजारी चंपतराव हटवार राहतात. त्याच पोलाद कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झाले. इंग्रजी शिकले ते यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचून. मी बी.कॉम., त्याच कारखान्यात बाबू, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. तेव्हा वसाहतीच्या वाचक मंडळात इंग्रजी कादंबरीवर बोलायला मीच योग्य, असं मी स्वतःच सुचवलं. दुर्दैवानं ते मान्य झालं.

कादंबरी समुद्राखालच्या खाणकामगारांची. लेखकानं त्यांच्यासाठी अख्खी बोली मनानं रचलेली. तसं प्रस्तावनेत लिहिलं होतं, पण प्रस्तावना मी शेवटी वाचतो. त्यामुळे आधी घरचा शब्दकोश पालथा घातला, मग सिविक सेंटरच्या बाजारातून त्याहून जाड आणला. एकही शब्द सापडेना. प्रत्येक शब्दाचं कार्ड करून वर्णानुक्रमे डब्यात लावलं. कार्डं एकशे चाळीस झाली, वाचलेली पानं बारा. भाषण उद्यावर आलेलं, आणि अब्रू माझी.

शनिवारी चंपतराव चहाला आले. पुस्तक त्यांनी माझ्याआधीच नेऊन चार दिवसांत संपवलं होतं.

"हे ‘क्रिंडल’ म्हणजे काय हो?" मी जमेल तितक्या सहज विचारलं.

"छत कोसळाच्या आंधी ते लोकं क्रिंडल म्हनतात अन् पळतात."

"पण अर्थ?"

"पयले पळा ना, सुशीलबाबू. मी गावाकडून येऊन भट्टीवर लागलो, तवा मले कोनं अर्थ सांगतला? लोकं जिकडं पळत, तिकडं मी पळालो." मग त्यांनी डब्यात डोकावलं. "हे काय करून राहिले? रेशन कार्डं होय का?"

रविवारी मंडळात मी डबा घेऊन उभा राहिलो. ‘माझी तयारी बाराव्या पानापर्यंतची आहे,’ एवढं सांगून चंपतरावांना पुढे बोलावलं.

"मी? मी कावून बोलू?" म्हणत ते उठले.

पाऊण तास त्यांनी घरच्या बोलीत गोष्ट सांगितली, मधूनमधून खाणीतले शब्द तसेच घालत. कोणीही अर्थ विचारला नाही. शेवटी ते हलकेच ‘क्रिंडल’ म्हणाले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या वसुंधराबाईंनी पर्स उचलली.

आभाराचा कागद मी घरूनच टाइप करून आणला होता, ‘विद्वत्तापूर्ण विवेचन’ वगैरे घालून. तो माझ्या भाषणानंतर मंडळाच्या सचिवांनी वाचायचा होता. त्यातलं माझं नाव खोडून वर चंपतरावांचं लिहिलं, खाडाखोडीशेजारी कचेरीतल्या सवयीनं सही केली, आणि मीच वाचला.