वीस सेकंदांचं उत्तर

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न मोडून ती मुकुंदवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत परत आली, तेव्हा मी बीए होऊन तलाठी भरतीचा अभ्यास करत होते आणि वेग-अंतराच्या गणितांपुढं रोज हात टेकत होते. ताईनं माझी वही ओढून घेतली. महिनाभरात तिनंही फॉर्म भरायचं ठरवलं.

दिवसा ती एका खासगी शाळेत शिकवायची. चारला परत आली की चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायची. सूत्रं पाठ करून घेण्यावर तिचा भर नसायचा, ती चित्र काढायची. फलाट म्हणून एक रेघ, गाडी म्हणून दुसरी. इंजिन फलाटाला लागलं की मोजायला सुरुवात, शेवटचा डबा बाहेर पडला की थांबायचं. म्हणून दोन्ही लांब्यांची बेरीज करायची, हे तिनं इतक्यांदा सांगितलं की मी वैतागायचे. दोनदा आम्ही दोघी थोडक्यात राहिलो. तिसऱ्या खेपेला ताईचं वय मर्यादेला टेकलं होतं. त्यापुढं तिला फॉर्म भरता येणार नव्हता.

केंद्र शहराबाहेरच्या एका कॉलेजात होतं, दोघींचा पेपर एकाच वेळेला. मी बाहेर आले तर ताई गेटापाशी उन्हात उभी होती. इतकं खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. रिक्षात ती एकेक प्रश्न आठवून उत्तरं ताडून बघायला लागली. बहुतेक जुळली. मग तिनं गाडीचं गणित काढलं. दीडशे मीटरची गाडी, तीनशे मीटरचा फलाट, वेग ताशी चोपन्न किलोमीटर.

"वीस सेकंद ना?" तिनं विचारलं.

माझं तीस आलं होतं. घाईत तिनं नुसता फलाट धरला होता, गाडीची लांबी राहूनच गेली होती.

"व्हय, वीसच," मी म्हणाले.

आणखी दोन उत्तरं तिची चुकलीत असं मला वाटलं. तिथंही मी मान हलवली. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी आईनं शिरा केला आणि माझ्यानं बोलवलं नाही. आठवड्यानं ताई शाळेतून आली ती नोकरीचा राजीनामा देऊनच. पुढच्या वर्षाचे वर्ग वाटून देत होते, उगाच कुणाला अडकवून कशाला ठेवायचं, असं तिनं आईला सांगितलं. मी तिथंच भाजी निवडत बसले होते. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं.

उत्तरतालिका आली तेव्हा ताईनं आधी स्वतःची उत्तरं बघितली आणि मग माझी मागितली. त्या गणितापाशी ती थांबली. माझ्या तीससमोर बरोबरची खूण होती. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. कपड्यांच्या घड्या घालताना माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "चुकलं त्याचं काय नाय. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर शाळा सोडली नसती मी."

माझी निवड झाली, तिची नाही. शाळेनं तोवर तिच्या जागी दुसरी बाई घेतली होती. आता ती भरतीच्या पोरींना क्लासमध्ये हीच गणितं शिकवते. मी सोयगाव तालुक्यात असते, सुट्टीला घरी येते. एकदा मी माफी मागितली. ती बरं म्हणाली आणि जेवायला वाढायला लागली. तिचं वागणं प्रेमाचंच आहे. माझ्या खाण्यापिण्याची, तब्येतीची चौकशी करते. पण स्वतःच्या कुठल्याच गोष्टीत, साध्या साडीच्या रंगातसुद्धा, तिनं त्यानंतर माझं मत विचारलेलं नाही.