फोरमनची बदली

कतारमध्ये, आमच्या अल खोरच्या कॅम्पात एक कुत्रा होता. त्याला सगळे फोरमन म्हणायचे, कारण सावलीत बसून दुसऱ्यांचं काम बघणं हा त्याचा एकच उद्योग. हुशार म्हणजे किती? यार्डात ट्रेलर मागं घेताना मी आरशापेक्षा त्याच्या शेपटीवर भरवसा ठेवायचो. हलली की येऊ दे, थांबली की ब्रेक. ट्रेलर त्यानं स्वतःच चालवला असता, पण लायसनचं काही जमेना.

मग प्रोजेक्ट बंद पडला. मला गावी पाठवायचं ठरलं. मेसच्या कुकची बदली शहरात, अल मन्सूरातल्या एका खोलीत, जिथं माणसंच एकावर एक रचून ठेवलेली असतात. कॅम्पला टाळं लागणार. फोरमनचं काय, हे साहेबांच्या डोक्यातही आलं नव्हतं. विमानानं न्यायचं तर कागदं, इंजेक्शनं, पिंजरा आणि वेळ लागतो. माझं विमान शनिवारी होतं.

म्हणून शुक्रवारी दुपारी पिकअप काढली. मी, कुक आणि मधोमध फोरमन, खिडकीसाठी दोघांशी भांडत. थंडीत उत्तरेच्या किनाऱ्यावर लोकांचे सहलीचे तंबू लागतात. एखाद्या राखणदाराला कुत्रा लागेलच, असा माझा बेत. मालवणकडचा कुक वाटभर एकच पालुपद लावून बसला होता, "मेल्या, तुझो बेत म्हंजे भोक पडलेलो टोप."

पोचलो तर किनारा रिकामा. हंगाम सरलेला, जिकडंतिकडं नुसते उपटलेल्या खुंट्यांचे खड्डे. एकच मोठा तंबू उरला होता आणि त्याच्या दारात किटली घेऊन बसलेला एक सुदानी चाचा.

"सदीक, दोस्त, कुत्ता चाहिए?"

"काटता है?"

"सिर्फ चोर को. एक चोर ने सॉरी बोला, तब जाके छोड़ा."

चाचा इतका हसला की चहा सांडला. "माफी मुश्किल," म्हणाला, म्हणजे काही अडचण नाही, आणि फोरमनला तंबूच्या दोरीला बांधून टाकलं. एवढं सोपं? दोरीची गाठ मी उगाच दोनदा तपासली.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण कुक म्हणाला, "इलोच आसव तर जेवान जावया." लांब पाण्याकडं ताडपत्री अंथरली, कोळसे पेटवले, सुरमई तळली. वारा असा की चहात टाकलेली साखर बहारीनला पोचत होती. पाय पाण्यात सोडून बसलो. इतक्या वर्षांत कतारला समुद्र आहे, हे मला त्या दिवशी कळलं. घटकाभर सगळं विसरलो. उद्याचं विमानसुद्धा.

मासा डब्यात भरला आणि कुकनं चमचा डब्यावर हाणला. टण् टण् टण्. हाताची सवय. मेसमध्ये जेवण तयार झालं की हीच घंटा, आणि रांगेत पहिला नंबर फोरमनचा.

मागं धडाड् आवाज झाला. वळून बघतो तर दोरी, खुंटी आणि अर्धा तंबू ओढत फोरमन दौडत येतोय. तंबूत असं वारं भरलेलं की त्याचं टोक धरलं असतं तर मी तिकिटाविना साताऱ्यात उतरलो असतो. पाठीमागं चाचा, एका पायात चप्पल.

"ये तुम्हारा है! ले जाओ! खलास!"

"इलो तुझो फोरमन," कुक पुटपुटला. "आता घाल खिशात."

मी डबा सुरमईसकट चाचाच्या हातात दिला. वर चमचा. "बजाओ. आएगा."

चाचानं वाजवलं. फोरमन माझ्या पायाशी बसला होता तो उठला, त्याच्याकडं गेला, तुकडा खाल्ला. चाचानं त्याच्या गळ्यातली दोरी सोडली. त्याची मान खाजवत म्हणाला, "रहने दो. लेकिन ये तंबू उठेगा तो मैं भी जाएगा. बाद में मालूम नहीं."

"कब उठेगा?"

"अरबाब को मालूम," म्हणजे त्याच्या मालकाला. "इसी हफ्ते, इन्शाल्ला."

मी किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. दुसरा तंबूच नव्हता.

तिघांनी मिळून तंबू उभा केला. मग आम्ही गाडी सुरू केली आणि फोरमन मागं धावत सुटला.

"आरशात बघू नको," कुक म्हणाला. तो स्वतः मान वळवून मागंच बघत होता.

तिकडं चाचा डबा वाजवायला लागला. फोरमन थांबला. तंबू आणि गाडीच्या बरोबर मध्ये, वाळूत. एकदा तिकडं बघितलं, एकदा आमच्याकडं. शेपटी हलत नव्हती. जरा जरी हलली असती तर मी पिकअप तशीच मागं घेतली असती. घेऊन कुठं नेणार होतो, हे मात्र मला विचारू नका. डांबरी रस्ता लागेपर्यंत टण् टण् ऐकू येत होतं.