हँग्या आणि ओलं पॉलिश

आमच्या गल्लीत त्याला हँग्याच म्हणतात. धंदा संगणक दुरुस्तीचा, आणि तोंडात दुसरी भाषाच नाही. बायकोला ताप आला की म्हणणार, मशीन गरम झालंय. स्वतःचं पोट बिघडलं की आत व्हायरस शिरला. मेहुणा राहायला आला तर, मेमरी खातो, काम काही करत नाही. हा गडी झोपेत तरी साधं बोलत असेल का, याचं मला फार कुतूहल. एकदा त्याच्या बायकोला विचारलंच. म्हणाली, झोपेत नुसते घोरतात, तेवढंच काय ते मला समजतं.

त्याचं दुकान म्हणजे बापाच्या सुतारकामाच्या शेडचा निम्मा भाग. मध्ये कापडी पडदा. पलीकडचा भुसा अलीकडच्या मशीनच्या पंख्यांत जायचा, त्यावरून बापलेकांची रोजची कुरबुर. पण दुपारी जेवायचे एकाच डब्यातून.

एके दिवशी म्हाताऱ्याने बोलणंच टाकलं. डबा वेगळा केला. मग रंधे, पटाशा पोत्यात भरायला लागला. चुलतभावाच्या पडवीत जागा बघितलीय, आजच हलतो, असं सुनेला सांगितलं. पोराला नाही.

हँग्याची पाचावर धारण बसली. गिऱ्हाइकाला विचारतो तेच त्याने स्वतःला विचारलं : बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलं? गिऱ्हाइकं देतात तेच उत्तर आलं. काहीच नाही.

मला म्हणाला, "बाबांकडूनच नेटवर्क गेलंय. माझ्या बाजूने सगळं चालू आहे."

त्याची बायको डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "पडद्यापलीकडे जाऊन बघितलंत का?"

गेला. मीही मागोमाग. कपाटाचं नवं दार भिंतीला टेकून उभं होतं. पॉलिश केलेलं, पण त्यावर करडी धूळ चिकटून पार खरखरीत झालेलं. आता हँग्याला आठवलं. त्यानेच एका मशीनमधली धूळ ब्लोअरने उडवली होती. ज्याचा भुसा त्याला परत, असं म्हणत पडदा वर करून. तेव्हा पॉलिश ओलं होतं.

म्हातारा पोत्याचं तोंड बांधत होता. हँग्याकडचा एकही शब्द इथे लागू पडणार नव्हता. शेवटी काचपेपर उचलून तो दार घासायला लागला.

"आडवं नको. रेषांच्या बाजूने," म्हातारा म्हणाला. मानही वळवली नव्हती, नुसत्या आवाजावरून ओळखलं.

हँग्या थांबला. "आडवं घासलं तर काय होतं, बाबा?"

लाकडाबद्दल पोराने काही विचारायची ही पहिलीच खेप. म्हातारा पोत्याची गाठ अर्धवट सोडून उठला, कोपऱ्यातली एक टाकाऊ फळी ओढली आणि म्हणाला, "इकडे ये. हात दे."