टोपरं, बिझनेस क्लास आणि दुसरं विमान

आठ महिन्यांच्या भाचीला घेऊन मी बिझनेस क्लासनं कॅनडाला चाललो म्हटल्यावर अख्ख्या दिग्रसनं एकच प्रश्न विचारला, "तू कायले चालला बे?" राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेला, डोकं कधी फिरेल याचा भरवसा नसलेला माणूस बाळ सांभाळणार?

कारण सरळ होतं. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, पिऊ झाली आणि त्यानंतर ताईची कंबर धरली. मणक्याची चकती सरकली. डॉक्टरांनी वजन उचलायला आणि फार वेळ बसायला मनाई केली. जिजाजी तिकडे. त्यांनी पिऊला अजून हातात घेतलं नव्हतं, फक्त मोबाईलवर पाहिलं होतं. कामासाठी फिरून फिरून त्यांच्या खात्यावर विमान कंपनीचे मैल साठले होते, ते सगळे मोडून त्यांनी दोन बिझनेस क्लासच्या सीटा घेतल्या. ताई आडवी होऊन जाईल आणि पिऊ माझ्या हातात राहील, असा बेत. कॉलेज नाही, नोकरी नाही, त्यामुळे घरात रिकामा मीच.

निघायच्या दिवशी सकाळीच घरात वाजलं. आईनं पिऊच्या कमरेला काळा दोरा बांधला होता, तो ताईनं कात्रीनं कापला.

"आई, तिथं तपासणीत हज्जार प्रश्न इचारतात. दोरा नको, काजळ नको, काहीच नको."

"काहीच नको?" आई म्हणाली. "इमानात किती लोक असतात, माय. कोणाची नजर कशी, कोणाची कशी."

"नजर-बिजर काही नसते."

आई गप्प झाली. आमची आई गप्प झाली की समजायचं, विषय संपलेला नाही. गाडी निघताना तिनं जुन्या सुती लुगड्याचं शिवलेलं टोपरं पिऊच्या डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली नाडी बांधली आणि मला म्हणाली, "एसी लई थंड असते म्हणे. टोपरं काढू नको बरं, विकू." मी हो म्हटलं. टोपऱ्यात वाईट काय असणार?

दिग्रसहून दारव्हा, यवतमाळ, वर्धा करत नागपूर. लहान बाळ असेल तर ऊन चढायच्या आत निघा. यवतमाळला थांबून आम्ही तर्रीपोहे खाल्ले. ताई मागच्या सीटवर आडवी, पिऊ माझ्या डाव्या हातावर. कॉलेजचा फाटा आला तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"तिचा काही मेसेज?" ताईनं मागून विचारलं.

"कोणाचा?"

"जसं काही मले माहीतच नाही."

ऋतुजा पुसदची. माझ्या वर्गात होती. तिला एका सरांनी भर वर्गात टोमणा मारला, मी उठून सरांची कॉलर धरली, आणि त्यानंतर कॉलेज मी सोडलं की कॉलेजनं मला, यावर अजून मतभेद आहेत. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं का तुले? तू आधी समोरच्याचं ऐकून घ्याले शिक, मग माह्याशी बोल." आता ती पुण्यात नोकरीला आहे. मी मेसेज टाकतो, निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही.

नागपूर-मुंबई विमान तासाभराचं. मुंबईत विमानतळाजवळ एक मुक्काम केला. कंबरदुखी आणि बाळ दोन्ही सोबत असतील तर हा मुक्काम कराच, पैसे वसूल होतात. सकाळी मोठं विमान. बिझनेस क्लासची रांग वेगळी, बसायची खोली वेगळी, तिथं इडलीपासून केकपर्यंत सगळं. बाळाचं दूध, गरम पाण्याचा थर्मास आणि नाचणीसत्त्व तपासणीतून जाऊ देतात, फक्त आधी काढून दाखवायचं.

विमानातली ती सीट बटण दाबलं की पलंग होते. ताई पाठ टेकवून म्हणाली, "विक्या, कितीक दिवसांनी पाठ सरळ झाली रे." तेवढ्यासाठी तरी जिजाजींचे मैल सार्थकी लागले. बाळासाठी भिंतीला लावायचा पाळणा मिळतो, पण तो ठरावीक सीटांसमोरच, म्हणून तिकीट काढतानाच मागून ठेवायचा. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बाळ मांडीवरच, आपल्या पट्ट्याला अडकवलेल्या छोट्या पट्ट्यात. तेव्हा तिला काहीतरी चोखायला द्या, नाहीतर कानाला दडे बसतात.

पिऊनं पाळणा नाकारला. तिला माझा डावा हातच पाहिजे. डोकं कोपराच्या घडीत, पाय पोटावर. मी बाही वर करून बसलो. दोनेक तास छान झोपली. माझा हात चुरचुरत होता, मला वाटलं त्यांच्या लोकरी चादरीनं होतंय.

मग ती रडायला लागली, आणि हे नेहमीचं रडणं नव्हतं. भूक नाही, लंगोट कोरडा. नुसती डावा गाल माझ्या हातावर घासत होती. पलीकडच्या सीटवर राखाडी कोट घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी कानावरची यंत्रं काढली आणि हवाई सुंदरीला म्हणाले, "मैंने इतना पैसा सोने के लिए दिया है."

"तो सो जाओ ना," मी म्हटलं. "किसने रोका?"

"विक्या," ताई म्हणाली.

मी पिऊला घेऊन फेऱ्या मारू लागलो. स्वयंपाकाच्या कप्प्यापाशी उजेड होता. तिथं टोपरं जरा मागं सरकवलं. गालावर, कानाजवळ, लालभडक चट्टा, त्यावर पाण्यानं भरलेले फोड. पाणी प्यायला उठलेल्या कोटवाल्यानं ते पाहिलं. दोन पावलं मागं सरला.

"ये तो चिकनपॉक्स है! बंद विमान में? सबको होगा!"

पाच मिनिटांत सगळ्या केबिनला कळलं. मुख्य कर्मचारी बाई आल्या, हातमोजे घालून. बोलणं मऊ, पण बातमी कडक. उतरल्यावर विमानतळाचे डॉक्टर बाळाला तपासतील. संसर्ग नाही असं त्यांनी लिहून दिलं तरच पुढच्या विमानात बसता येईल.

"और नहीं दिया तो?"

"सर, डॉक्टर डिसाइड करेंगे."

ताई उठून बसली, कंबर धरून. आम्हाला तिथं फक्त विमान बदलायचं होतं. त्या देशाचा व्हिसा आमच्याकडे नव्हता, म्हणजे विमानतळाबाहेर पाय टाकता येणार नव्हता. पुढचं विमान गेलं तर ही अशी कंबर आणि हे असं लेकरू घेऊन खुर्च्यांवर किती दिवस काढायचे? की परत मुंबई? तिकडे जिजाजी विमानतळावर यायला निघणार होते. त्यांना काय सांगायचं, तेही कळेना. उरलेला प्रवास आम्ही तिघं पडदा लावून बसलो. जेवणात काय काय होतं म्हणाल तर मेन्यू भारी होता, मी एक घासही खाल्ला नाही.

त्या विमानतळाचं नाव लिहीत नाही, कारण लोकांनी त्यांचं काम केलं. सगळे उतरले, आम्हाला शेवटी उतरवलं, आणि एका काचेच्या खोलीत नेलं. टेबलामागं एक माणूस. तो म्हणाला, डॉक्टर येतील, थांबा. पुढच्या विमानाची दारं लवकरच उघडणार होती, समोरच्या फलकावर दिसत होतं. मी विचारलं, कधी येतील? तो म्हणाला, थांबा. मी परत विचारलं. तो म्हणाला, थांबा.

मी टेबलावर हात आपटला. "बेबी क्राइंग! यू सी नॉट?"

दारातला सुरक्षारक्षक आत आला. पिऊ दचकून किंचाळली.

"विक्या, आवाज खाली घे!" ताई इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "हे आपलं बसस्टँड नाही. तू इथं भांडशीन अन् हे लोक आपल्याले परत पाठवतीन. माह्या लेकराचा बाप तिकडे उभा आहे. बस खाली."

मी बसलो. पिऊला परत डाव्या हातावर घेतलं, कारण ती तिथंच शांत होत होती. ऐकून घ्याले शिक. ऋतुजाचं वाक्य त्या काचेच्या खोलीत आठवावं, हे काही मला आवडलं नाही. पण मी तोंड मिटलं. आणि तोंड मिटल्यावर पहिल्यांदा मला माझा हात जाणवला. आग होत होती. नुसती खाज नव्हती, जाळ होता.

पिऊला उजवीकडे घेतलं आणि कोपराची घडी पाहिली. लाल चट्टा, काळपट कडा, पाण्याचे फोड. पिऊच्या गालावर होता तसाच.

हे मी आधी पाहिलेलं होतं. लहानपणी आम्ही पोट्टे गोडंबीसाठी बिब्बे फोडायचो. आतली बी गोड, पण सालीतलं काळं तेल अंगाला लागलं की कातडी अशीच फुगून येते. बिब्बा उतला म्हणतात त्याला. माझं तोंड एकदा आठवडाभर सुजलं होतं.

"ताई," मी म्हटलं, "टोपरं काढ तिचं."

"काहून?"

"काढ आधी."

डाव्या कानावरच्या दुहेरी शिवणीत बोटाला गाठ लागली. दातानं दोरा तोडला. आतून निघाला काळा, चपटा बिब्बा. मधोमध सुई आरपार घालून दोऱ्यानं टाचलेला. सुईच्या भोकातून तेल पाझरलं होतं, कापडावर काळा डाग पसरला होता.

ताईनं तो पाहिला आणि डोळे मिटले. "आई," एवढंच म्हणाली.

डॉक्टर बाई आल्या, पांढरे केस, घाईत. पिऊचा गाल पाहून त्या टेबलामागच्या माणसाला काहीतरी बोलू लागल्या. मी मध्ये तोंड घातलं नाही. त्यांचं होऊ दिलं. मग बिब्बा कागदावर ठेवला, टोपऱ्याचा डाग दाखवला आणि हात पुढे केला. इंग्रजीत ताई बोलली. हे एक फळ आहे, याचं तेल भाजतं. टोपऱ्यात शिवलेलं होतं, आम्हाला माहीत नव्हतं. भाऊ बाळाला कालपासून याच हातावर घेऊन आहे.

डॉक्टर बाईंनी पिऊला माझ्या हातावर परत ठेवायला सांगितलं. ठेवलं. गालाचा चट्टा आणि हाताचा चट्टा एकमेकांवर बरोबर बसले. त्यांनी पिऊचे कपडे काढून पाठ, पोट, तळवे, तोंडाचा आतला भाग पाहिला. कुठंच काही नाही. ताप नाही. मग त्यांनी विचारलं, "असं जळणारं फळ बाळाच्या टोपीत कोणी का घालेल?"

ताईनं टोपरं हातात घेतलं. मग म्हणाली, "तिचं रक्षण व्हावं म्हणून."

डॉक्टर बाई आमच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता पोलीस. त्या म्हणाल्या, "माझी आजी पाळण्याला लोखंडाचा तुकडा बांधायची." मग साबणानं गाल धुतला, माझा हात धुतला, मलम लावलं, कागदावर सही केली. बिब्बा मात्र पिशवीत बंद करून कचऱ्यात.

आम्ही पळालो. म्हणजे मी पळालो, पिऊला घेऊन. ताईला चाकांच्या खुर्चीतून तिथला माणूस पळवत होता. दार बंद व्हायच्या जरा आधी पोचलो. कोटवाला या विमानात नव्हता. नव्हता ते बरंच, असता तरी मी गप्प बसलो असतो. बहुतेक.

जिजाजी दारातच उभे होते, पिऊसाठी जाडजूड कोट घेऊन. तिनं त्यांना पाहिलं आणि भोकाड पसरलं. त्यांना तेवढंही पुरलं, ते रडत हसत होते. गालाचं विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "घरी सांगू." आईला मात्र काहीच सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. फोनवर आईनं गालाचं विचारलं तेव्हा ताईनं एसीचं नाव घेतलं.

तीन आठवडे राहून मी एकटा परतलो, साध्या वर्गात, गुडघे छातीला लावून. पिऊचा गाल तोवर लख्ख झाला होता. माझ्या कोपरात काळा डाग उरला. परतीच्या वाटेवर त्याच विमानतळावर बसलो होतो, तेव्हा काय वाटलं कोण जाणे, त्या डागाचा फोटो ऋतुजाला पाठवला. काहीही न लिहिता. विमानात बसायच्या आत उत्तर आलं, इतक्या महिन्यांत पहिलं.

"बिब्बा कुठं उतला बे?"

पूर्ण गोष्ट लिहून पाठवली. तिनं वाचली. पुढचं उत्तर अजून आलेलं नाही, पण मी यावेळी दुसरा मेसेज टाकलेला नाही.

दिग्रसला पोचलो. आईनं भाकर, झुणका वाढला. पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला, तर तिनं मनगट धरलं. आमच्याकडे हा डाग कोणालाही ओळखू येतो.

"हे कुठं लागलं तुले?"

"गोडंबी फोडत होतो."

"कॅनडात?"

मी भाकर मोडत राहिलो. आईनं हात सोडला नाही. कोपराची घडी पाहिली, मग मी लेकराला कसं धरतो ते तिनं हवेत, आपल्याच हातानं, धरून पाहिलं. एवढ्यानं तिला सगळं कळलं. आत जाऊन खोबरेल तेल आणलं आणि त्या जुन्या डागावर चोळत बसली. तो आता तेलानं जाणार नव्हता. मीही नको म्हटलं नाही.

"डाग राह्यला का तिच्या गालावर?"

"नाही."

"खरं सांग."

मी ताईला फोन लावला, व्हिडिओवर. पिऊ जिजाजींच्या मांडीवर होती. डोक्यावर तेच टोपरं, धुतलेलं, कानावरचं डागाचं कापड कापून ताईनं परत शिवलेलं. आईनं फोन डोळ्याजवळ नेला. डावा गाल पाहिला, उजवा पाहिला, परत डावा.  तिकडे ताईच्या लक्षात आलं. तिनं पिऊचा डावा गाल फोनकडे वळवला.

शेवटी आई म्हणाली, "घट्ट होऊन राह्यलं तिले ते टोपरं. नवं शिवा लागते."

"शिव नं," ताई म्हणाली. "पण आई, नुसतं टोपरं."